ससूनचे पदक : फीत नदीत, क्रॉस माळ्यावर

मुंबईत काळा घोडा परिसरातून जाताना पिवळसर मालाड दगडात बांधलेली डेव्हिड ससून वाचनालयाची इमारत नजरेत भरते. कुलाब्याच्या बाजूला गेले की मासळीच्या उलाढालीने गजबजलेला ससून डॉक लागतो. पुण्यातील ससून रुग्णालय ठाऊक नाही असा पुणेकर तर शोधूनही सापडणार नाही. या नावामागचे बगदादी ज्यू घराणे, त्याचा कापसाचा आणि अफूचा व्यापार आणि त्या व्यापारातून झालेला दानधर्म यांविषयी मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. याच घराण्याचा एक वंशज पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पायदळाचा अधिकारी होता. त्याला शौर्याबद्दल 'मिलिटरी क्रॉस' मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्याने त्या पदकाची फीत नदीत फेकून दिली. हे मात्र वाचनालयाच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र उघडून बसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

सिगफ्रिड ससून हे त्याचे नाव. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो युद्धविरोधी कवी म्हणून परिचित आहे. येथे त्याच्या कवितेपेक्षा त्याच्या पदकाची कथा सांगायची आहे. कारण शौर्यपदक म्हणजे नेमके काय, ते कोण देते, कशासाठी देते आणि कशासाठी नाकारते, या प्रश्नांची उत्तरे या एका माणसाच्या चार वर्षांत जितकी स्पष्ट दिसतात तितकी ती नियमांच्या पुस्तकात क्वचितच सापडतील.

बगदाद, मुंबई, केंट

डेव्हिड ससून १८३० च्या दशकाच्या सुरुवातीस बगदादहून इराणमार्गे मुंबईत आले आणि येथेच त्यांनी पेढी उभारली. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. पुणेकर ज्याला 'लाल देऊळ' म्हणतात, त्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचे एक पुत्र सॅसून डेव्हिड ससून १८५८ मध्ये व्यापारासाठी लंडनला गेले आणि तिकडेच स्थायिक झाले. त्यांचा मुलगा आल्फ्रेड याने थॉर्निक्रॉफ्ट या इंग्रज शिल्पकार घराण्यातील थेरेसा हिच्याशी विवाह केला. धर्माबाहेर लग्न केल्याबद्दल घराण्याने आल्फ्रेडला वाळीत टाकले. त्याचा मुलगा सिगफ्रिड याचा जन्म ८ सप्टेंबर १८८६ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात झाला. म्हणजे काळा घोड्याच्या वाचनालयाला ज्यांचे नाव आहे, त्यांचा हा पणतू. मुंबईच्या पेढीची दौलत त्याच्या वाट्याला फारशी आली नाही, पण पोटापाण्यासाठी नोकरी करावी लागू नये इतके उत्पन्न होते. घोडा, क्रिकेट, कोल्ह्यांची शिकार आणि स्वखर्चाने छापलेल्या कवितांच्या पुस्तिका यांत त्याची अठ्ठावीस वर्षे निघून गेली.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले, तेव्हा तो ससेक्स यीओमनरी या घोडदळी पथकात आधीच साधा शिपाई म्हणून दाखल झालेला होता. घोड्यावरून पडून त्याचा हात मोडला आणि त्यात काही महिने गेले. मे १९१५ मध्ये त्याला रॉयल वेल्श फ्युझिलियर्स या पायदळी रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमण्यात आले. नोव्हेंबर १९१५ च्या आरंभी त्याचा धाकटा भाऊ हॅमो गॅलिपोलीच्या मोहिमेत मारला गेला आणि त्याच महिन्यात सिगफ्रिड फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचला. मार्च १९१६ मध्ये त्याचा जिवलग मित्र डेव्हिड थॉमस गोळी लागून मरण पावला. त्यानंतर हा माणूस बदलला. रात्री-अपरात्री खंदकातून बाहेर पडावे, दोन्ही सैन्यांमधल्या ओसाड पट्ट्यात सरपटत जावे, जर्मन खंदकांवर हातबाँब टाकावेत, हा त्याचा परिपाठ झाला. पलटणीत त्याला 'मॅड जॅक' म्हणू लागले. शौर्य आणि सूड यांच्यातली रेषा त्या दिवसांत त्याला स्वतःलाही दिसत नसावी.

पदकांची उतरंड

ससूनच्या पदकाकडे वळण्यापूर्वी ब्रिटिश पदकांची व्यवस्था थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. सर्वोच्च पदक 'व्हिक्टोरिया क्रॉस'. ते १८५६ मध्ये सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून शिपाई व अधिकारी दोघांनाही खुले होते. अर्थात याला एक अपवाद होता. हिंदी सैनिकांना ते १९११ पर्यंत मिळू शकत नव्हते. त्यांच्यासाठी १८३७ पासून 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' हे निराळे पदक होते. व्हिक्टोरिया क्रॉसच्या खालोखाल अधिकाऱ्यांसाठी १८८६ पासूनचे 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' म्हणजे डीएसओ. ते बहुधा मेजर व त्यावरील हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना मिळे. एखाद्या लेफ्टनंटला मिळाले तर व्हिक्टोरिया क्रॉस थोडक्यात हुकला, असे समजले जाई.

१९१४ च्या पहिल्या चार-पाच महिन्यांतच ही व्यवस्था अपुरी पडली. खंदकांच्या लढाईत पुढे राहून मरणारे अधिकारी होते ते विशी-पंचविशीतले लेफ्टनंट आणि कॅप्टन, आणि त्यांच्यासाठी मधल्या पायरीचे पदकच नव्हते. म्हणून २८ डिसेंबर १९१४ च्या राजाज्ञेने मिलिटरी क्रॉस निर्माण झाला. कॅप्टन व त्याखालील अधिकारी आणि वॉरंट ऑफिसर एवढ्यांनाच तो मिळणार होता. चांदीचा क्रॉस, मध्यभागी राजाची आद्याक्षरे, चारही टोकांना मुकुट आणि पांढऱ्या फितीच्या मधोमध जांभळा पट्टा, असे त्याचे रूप. दुसऱ्यांदा मिळाल्यास नवा क्रॉस न देता फितीवर 'बार' म्हणजे चांदीची आडवी पट्टी लावण्याची सोय १९१६ मध्ये झाली.

शिपायांचे काय? त्यांच्यासाठी मार्च १९१६ मध्ये 'मिलिटरी मेडल' हे वेगळे पदक सुरू झाले. एकाच रात्री, एकाच तारेच्या कुंपणापाशी लेफ्टनंटने आणि कॉर्पोरलने सारखेच धाडस केले, तरी एकाला क्रॉस आणि दुसऱ्याला मेडल, असा हा हिशेब. गंमत अशी की, ब्रिटनने हा भेद मोडायला १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मिलिटरी मेडल बंद झाले आणि मिलिटरी क्रॉस सर्व हुद्द्यांना खुला झाला. स्वतंत्र भारताने २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर चक्रांची घोषणा केली, तेव्हा ती आरंभापासूनच सर्व हुद्द्यांसाठी समान ठेवली होती. (परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. त्या जन्माने युरोपीय, पण विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी विवाह करून इथल्याच झाल्या.)

पहिल्या महायुद्धात ३७ हजारांहून अधिक मिलिटरी क्रॉस वाटले गेले. आकडा मोठा वाटतो, आणि त्यातले काही आघाडीपासून दूर कार्यालयात बसून चोख काम करणाऱ्यांच्या छातीवरही लागले. सुरुवातीच्या नियमांत त्यास वाव होता. खंदकातल्या अधिकाऱ्यांना याचा भारी राग. त्यामुळे एखाद्याच्या अंगरख्यावर पांढरी-जांभळी फीत दिसली की, ती 'कुठे' मिळाली हा प्रश्न कुजबुजत का होईना विचारला जाई. ससूनच्या बाबतीत मात्र तो कुणी विचारला नाही.

दीड तास

२५ मे १९१६ ची रात्र. ठिकाण उत्तर फ्रान्समधील मामेत्झ गावासमोरची आघाडी. फ्युझिलियर्सच्या पहिल्या बटालियनमधील सुमारे पंचवीस-तीस जणांची तुकडी तोंडाला काळे फासून जर्मन खंदकावर छापा घालायला निघाली. या तुकडीबरोबर जाण्याची ससूनची फार इच्छा होती. पण त्याने आपल्या खंदकातच थांबावे आणि परत येणाऱ्यांची मोजणी करावी, असा हुकूम होता. छापा फसला. जर्मनांच्या काटेरी तारा पुरेशा तुटलेल्या नव्हत्या, तुकडी कुंपणातच अडकली आणि वरून बंदुकीच्या गोळ्या आणि हातबाँब सुरू झाले. जखमी होऊन माणसे एकेक करून परत येऊ लागली, पण मोजणी जुळेना. ससून हुकूम बाजूला ठेवून बाहेर पडला.

पुढचा दीड तास तो त्या ओसाड पट्ट्यात होता. जर्मन कुंपणापासून अगदी थोड्या अंतरावर तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांमधून तो जखमींना ओढून आणत होता. त्याच्या पलटणीचा एक कॉर्पोरल एका खोल खड्ड्याच्या तळाशी जबर जखमी होऊन पडला होता. त्याला वर काढण्यासाठी ससून परत जाऊन मदतीला माणसे आणि दोर घेऊन आला. तोवर उजाडू लागले होते. कॉर्पोरलला वर आणले, पण तो वाचला नाही.

२७ जुलै १९१६ च्या 'लंडन गॅझेट'मध्ये या दीड तासाची नोंद आली. शत्रूच्या खंदकावरील छाप्याच्या वेळी दाखवलेले उल्लेखनीय शौर्य, गोळ्या आणि बाँबच्या वर्षावात दीड तास राहून जखमींना आणणे, आणि त्याच्या धैर्यामुळे व निर्धारामुळे सर्व मृत व जखमी परत आणता येणे, एवढाच त्या तीन ओळींचा आशय आहे. त्याच्या मधल्या नावात छापणाऱ्यांनी एक 'र' जास्तीचा घातला आहे, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.

गॅझेटमधील या मजकुराला गौरवपत्र म्हणता येईल. तो तेथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोठा लांबचा असे. बटालियनचा कमांडिंग अधिकारी साक्षीदारांच्या सांगण्यावरून शिफारस लिही. ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी अशा पायऱ्या चढत सरसेनापतीपर्यंत जाई. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ती पुढे ढकली, खाली उतरवी किंवा थांबवी. याचा अर्थ उघड आहे. ज्या धाडसाला साक्षीदार उरला नाही, ज्याचा अधिकारी लिहिण्यात कच्चा होता किंवा लिहिण्याआधीच मारला गेला, ते धाडस गॅझेटपर्यंत गेलेच नाही. पहिल्या महायुद्धातील बहुतेक मूळ शिफारसपत्रे १९४० मध्ये लंडनवरील जर्मन बाँबवर्षावात जळून गेली. त्यामुळे आज संशोधकाच्या हाती बहुतेक वेळा उरतात त्या गॅझेटमधल्या दोन-तीन ओळीच.

आणखी एक तपशील लक्षणीय आहे. युद्धात भाग घेतलेल्या प्रत्येक सैनिकाला जी सर्वसाधारण मोहीम-पदके मिळाली, त्यांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव ठोकलेले असे. पण त्या काळातील मिलिटरी क्रॉसवर सरकार नाव कोरत नसे. पाठीमागची बाजू कोरी. ज्याला हवे त्याने स्वतःच्या खर्चाने सोनाराकडून नाव कोरून घ्यावे.

न मिळालेली पदके

मिळालेल्या पदकापेक्षा न मिळालेली पदके अधिक बोलकी असतात. जुलै १९१६ च्या पहिल्या दिवशी सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७ हजारांवर सैनिक जायबंदी झाले आणि त्यांपैकी १९ हजारांहून अधिक ठार झाले. त्याच आठवड्यात मामेत्झच्या जंगलासमोर ससूनने एक अचाट प्रकार केला. समोरच्या खंदकातून जर्मनांचा मारा चालू असताना तो हातबाँब घेऊन भरदिवसा एकटाच त्यावर चालून गेला. त्याचा मित्र, कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज याच्या कथनानुसार पन्नास-साठ जर्मन खंदक सोडून पळाले. आता सैनिकी शिस्तीनुसार मागे निरोप धाडून कुमक मागवायची. त्याऐवजी ससूनने त्या रिकाम्या जर्मन खंदकात बसून खिशातले कवितांचे पुस्तक काढले आणि तो वाचत बसला. परत आल्यावरही त्याने अहवाल दिला नाही. पुढे आपली गस्त आहे अशा समजुतीने जंगलावरचा हल्ला दोन तास लांबला होता, आणि ती 'गस्त' म्हणजे ससून आणि त्याचे पुस्तक होते, असे ग्रेव्ह्ज सांगतो. कर्नलसाहेब संतापले. जरा अक्कल वापरली असती तर डीएसओ मिळाले असते, असे त्यांनी त्याला सुनावले. ग्रेव्ह्ज गोष्ट रंगवून सांगणारा आहे हे ध्यानात ठेवले, तरी मुद्दा शिल्लक राहतोच. खंदक घेतला, पण तो सैन्याच्या कामी आला नाही, म्हणून पदक नाही.

दुसरा प्रसंग १६ एप्रिल १९१७ चा. अरासच्या लढाईत हिंडेनबर्ग फळीवरील एका खंदकात हातबाँबांच्या झटापटीत तो पुढे राहिला आणि त्याच्या खांद्यातून गोळी आरपार गेली. पुन्हा शिफारस झाली. मात्र एकंदर हल्ला अयशस्वी ठरल्याने ती मंजूर झाली नाही. येथे व्यवस्थेचा खरा चेहरा दिसतो. पदक व्यक्तीच्या धैर्याला दिले जाते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या धैर्याचा सैन्याला काय उपयोग झाला, हेही तोलले जाते. यात अन्याय आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. लष्कराला लढाई जिंकायची असते, कविसंमेलन भरवायचे नसते. पण गंमत अशी की, ससूनला जे एकमेव पदक मिळाले, ते सपशेल फसलेल्या छाप्यातले होते. तेथे जिंकण्यासारखे काही उरलेच नव्हते, फक्त माणसे परत आणायची होती.

फीत

खांद्याच्या जखमेमुळे ससून इंग्लंडला परतला. इस्पितळात आणि नंतरच्या विश्रांतीच्या काळात त्याच्या मनात जे साचत होते त्याला तोंड फुटले. बर्ट्रांड रसेल आदी युद्धविरोधी विचारवंतांशी त्याच्या भेटी झाल्या आणि जुलै १९१७ मध्ये त्याने आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याला एक निवेदन पाठवले. ज्यांच्या हाती युद्ध थांबवण्याची सत्ता आहे तेच ते हेतुपुरस्सर लांबवत आहेत. संरक्षणासाठी आणि मुक्तीसाठी सुरू झालेले हे युद्ध आता आक्रमणाचे आणि मुलूख जिंकण्याचे झाले आहे. म्हणून आपण सैनिकांच्या वतीने लष्करी हुकमतीचा जाणीवपूर्वक अव्हेर करत आहोत, असा त्याचा आशय होता. लढाई कशी चालवली जाते याविरुद्ध आपली तक्रार नाही, ज्या राजकीय चुकांपायी सैनिकांचा बळी दिला जात आहे त्यांविरुद्ध आहे, असेही त्याने स्पष्ट केले होते.

युद्धकाळात अधिकाऱ्याने असे लिहिणे म्हणजे कोर्टमार्शलला निमंत्रण. आणि ससूनला तेच हवे होते, म्हणजे खटल्याच्या निमित्ताने हे सारे जाहीर झाले असते. येथे त्याचे पदक अचानक निराळ्याच कामी आले. हाच मजकूर एखाद्या साध्या नागरिकाने लिहिला असता तर 'भित्रा' म्हणून त्याला झटकून टाकता आले असते. जखमींना आणण्यासाठी दीड तास मृत्यूच्या तोंडात राहिलेल्या आणि राजाच्या नावाने पदक मिळालेल्या माणसाला भित्रा कसे म्हणणार? रसेल आदी मंडळींना त्याचे निवेदन मोलाचे वाटले, त्यातही छातीवरच्या त्या फितीचा वाटा मोठा होता.

निवेदन पाठवून तो लिव्हरपूलजवळच्या लिदरलँड येथील डेपोत हजर झाला. अधिकारी त्याच्याशी संकोचाने, जवळजवळ जिव्हाळ्यानेच वागले. अटक काही होईना. त्या वाट पाहण्याच्या दिवसांत एके दिवशी तो मर्सी नदीच्या मुखाशी गेला आणि अंगरख्यावरची पांढरी-जांभळी फीत उपटून त्याने पाण्यात फेकली. त्या क्षणाला काही भव्यता मात्र लाभली नाही. इवलासा रेशमी तुकडा तो, पाण्यावर पडला आणि तरंगत राहिला. फेकण्याजोगे काही वजनदार असते तर अधिक समाधान वाटले असते, अशा अर्थाचे त्याने पुढे आत्मचरित्रात्मक कादंबरीत लिहिले.

तिकडे ग्रेव्ह्जची धावपळ चालू होती. मित्र तुरुंगात जाऊ नये म्हणून त्याने वरिष्ठांचे मन वळवले आणि मित्राशी चक्क खोटे बोलला. कोर्टमार्शल होणारच नाही, हट्ट धरलास तर युद्ध संपेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात कोंडतील, असे त्याने शपथेवर सांगितले. ससून वैद्यकीय मंडळापुढे जायला तयार झाला. मंडळाने त्याला मनोविकाराने पीडित ठरवून एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात धाडले. ३० जुलै १९१७ रोजी खासदार हेस्टिंग्ज लीज-स्मिथ यांनी त्याचे निवेदन ब्रिटिश संसदेत वाचून दाखवले आणि दुसऱ्या दिवशी ते 'टाइम्स'मध्ये छापून आले. पण तोवर सरकारपाशी उत्तर तयार होते. हा शूर अधिकारी आहे, मात्र सध्या तो आजारी आहे. पदकामुळे त्याला भित्रा म्हणता येत नव्हते, म्हणून रुग्ण म्हटले गेले.

क्रेगलॉकहार्टला त्याच्यावर उपचार करणारे डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे भारतीय मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. निलगिरीतील तोडा जमातीवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ससूनला मनोविकार नाही हे त्यांनी लवकरच ओळखले. उपचार म्हणजे दोघांच्या प्रदीर्घ गप्पा. अखेर ससूनने स्वतःच परत जायचे ठरवले. युद्ध योग्य वाटू लागले म्हणून नव्हे, तर आपली माणसे तिकडे मरत असताना आपण इकडे सुरक्षित गोल्फ खेळतो आहोत, हे असह्य झाले म्हणून. १९१८ मध्ये तो आधी पॅलेस्टाइनला आणि मग पुन्हा फ्रान्सला गेला. १३ जुलै १९१८ रोजी गस्तीहून परतताना त्याच्याच पलटणीच्या एका सार्जंटने त्याला जर्मन समजून गोळी झाडली. ती डोक्याला चाटून गेली. त्याचे युद्ध तेथे संपले.

ओवेनचे गौरवपत्र

क्रेगलॉकहार्टलाच ऑगस्ट १९१७ मध्ये एक बुजरा सेकंड लेफ्टनंट ससूनच्या खोलीचे दार ठोठावून आत आला होता. तो म्हणजे विल्फ्रेड ओवेन. त्याच्या कविता ससूनने तपासल्या, सुधारल्या, हा साहित्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. पदकांच्या दृष्टीनेही ओवेनची हकीकत पाहण्यासारखी आहे. स्फोटांच्या धक्क्याने खचून तो आघाडीवरून परतला होता आणि त्याच्या धैर्याविषयी वरिष्ठांनी शंका घेतल्याचे शल्य त्याच्या मनात होते. १९१८ मध्ये तोही परत गेला. ऑक्टोबरच्या आरंभी जाँकूर येथील हल्ल्यात कंपनी कमांडर जखमी झाल्यावर ओवेनने सूत्रे हाती घेतली. या कामगिरीसाठी त्याची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली. ४ नोव्हेंबर रोजी सांब्र-वाझ कालव्यावर तो मारला गेला. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी युद्ध थांबले, आणि शस्त्रसंधीच्या घंटा वाजत असतानाच त्याच्या आईच्या हाती तार पडली. पदक गॅझेटमध्ये आले ते १९१९ मध्ये.

गॅझेटमधील गौरवपत्र सांगते की, ओवेनने शत्रूकडून हस्तगत केलेली मशीनगन स्वतः चालवून शत्रूची मोठी हानी केली. त्याच्या पत्रांचा संग्रह १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात याच गौरवपत्राचा जो पाठ छापला आहे त्यानुसार मात्र त्याने मशीनगन हस्तगत केली आणि अनेक कैदी पकडले. संग्रहाच्या संपादकांमध्ये त्याचा भाऊ होता. युद्धाच्या करुणेचा कवी म्हणून जग ज्याला ओळखते, त्याने मशीनगनने माणसे मारली हे कुटुंबाला पचवणे जड गेले असावे. ज्या ओळींसाठी इतर घराणी अभिमानाने चौकट करून भिंतीवर लावतील, त्याच ओळी येथे सौम्य कराव्या लागल्या.

मृताला नाही

ओवेनला मरणानंतर पदक मिळाले कसे, असा प्रश्न जाणकार वाचकाला पडेल. कारण मिलिटरी क्रॉस मरणोत्तर देण्याची सोयच त्या काळी नव्हती. ती १९७९ मध्ये झाली. मृत सैनिकासाठी व्हिक्टोरिया क्रॉस तरी द्यायचा किंवा युद्धवृत्तान्तात नामोल्लेख तरी करायचा, एवढेच दोन पर्याय असत. ओवेनची शिफारस तो जिवंत असताना झाली होती, म्हणून ती ग्राह्य ठरली. हा नियम भारतीय वाचकांना एका प्रसिद्ध प्रसंगामुळे माहीत आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात सितांग नदीच्या लढाईत कॅप्टन सॅम माणेकशा यांच्या शरीरात मशीनगनच्या गोळ्या घुसल्या. ते वाचणार नाहीत असे वाटून मेजर जनरल कोवन यांनी स्वतःच्या छातीवरची मिलिटरी क्रॉसची फीत काढून त्यांच्या छातीवर लावली, कारण मृताला हा क्रॉस देता येत नाही. माणेकशा वाचले, आणि पुढचा इतिहास सांगायला नको.

जखमींना परत आणण्यासाठी सर्वोच्च पदक मिळाल्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. त्यानंतर त्यांनी मशीनगनच्या तीन चौक्या निकामी केल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांना आदल्या वर्षी, जुलै १९४४ मध्ये, इटलीतच तो मरणोत्तर मिळाला होता.

माळ्यावरचा क्रॉस

ससूनकडे परत येऊ. त्याने आपला मिलिटरी क्रॉस मर्सी नदीत फेकला, असे अनेक लेखांतून छापून येत राहिले आणि वाचकांनाही ते पटत गेले. कथेच्या दृष्टीने चांदीचा क्रॉस पाण्यात बुडणे अधिक शोभणारे होते. पण अंगरख्यावर रोज लावली जाते ती फक्त फीत. मूळ पदक डबीत असते. ससूनने नदीत टाकली ती फीतच. त्याचे एकुलते अपत्य जॉर्ज याचे २००६ मध्ये निधन झाले. त्यानंतर स्कॉटलंडच्या मल बेटावरील कुटुंबाच्या घरातील माळ्यावर तो क्रॉस सापडल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले.

म्हणजे त्याने तो आयुष्यभर जपला होता का? की कुठल्यातरी पेटीच्या तळाशी तो नुसताच पडून राहिला? माळ्यावर ठेवलेली वस्तू जपलेलीही असते आणि टाकून दिलेलीही, हे मध्यमवर्गीय घरांत वाढलेल्या कुणालाही सांगावे लागू नये. ससूनचे उत्तरायुष्य पाहता दोन्ही शक्य वाटते. ज्या सैन्याविरुद्ध त्याने बंड केले, त्याच सैन्यातील दिवसांवर त्याने आत्मचरित्रात्मक गद्यग्रंथ लिहिले. १९३० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाच्या शीर्षकातच 'पायदळातील अधिकारी' हे शब्द आहेत. १९५१ मध्ये सरकारने देऊ केलेला सीबीई हा किताबही त्याने स्वीकारला. १ सप्टेंबर १९६७ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षात पदार्पण करण्यास एक आठवडा... नव्हे, ८१ वे वर्ष पूर्ण होण्यास आठवडा उरला असताना, त्याचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत १९८५ मध्ये पहिल्या महायुद्धातील सोळा कवींच्या नावांची शिळा बसवण्यात आली. तीत ससून, ओवेन आणि त्या वेळी हयात असलेला ग्रेव्ह्ज, असे तिघेही एकत्र आहेत.

२००७ मध्ये माळ्यावरून निघालेला क्रॉस लिलावगृहापर्यंत गेला. तो अखेर घेतला रॉयल वेल्श फ्युझिलियर्सच्या संग्रहालयाने. ज्या रेजिमेंटचा गणवेश अंगावर असताना ससूनने हुकूम धुडकावला होता, ती रेजिमेंट स्वतः २००६ मध्येच 'रॉयल वेल्श' या नव्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली होती. संग्रहालय तेवढे जुन्या नावाने राहिले आहे. ते वेल्समधील कर्नार्व्हन येथील किल्ल्यात आहे.